पाण्यातला वाफसा

हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीऐवजी पोषक द्रावणावर रोपे वाढवण्याच्या पद्धतीत, मुळे बहुधा चोवीस तास पाण्यातच असतात. तेव्हा अशा रोपाचे खोड पाणी जास्त झाल्यामुळे कुजले असे कोणी सांगितले, तर मासा पाण्यात बुडून मेला असे ऐकल्यासारखे वाटते. मी दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत हा उद्योग सुरू केला, तेव्हा साहित्य विकणाऱ्या गृहस्थांनी मला हेच आश्वासन दिले होते, की कुंडीतल्या झाडांना पाणी जास्त होण्याची भीती असते, इथे तो प्रश्नच येत नाही. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला आणि तो पुढचे तीन महिने टिकला, कारण ते तीन महिने हिवाळ्याचे होते.

माझी मांडणी अगदी साधी होती. झाकण असलेला, साधारण ४० लिटरचा प्लास्टिकचा खोका, झाकणाला पाडलेली बारा भोके, त्या भोकांत बसवलेले जाळीचे छोटे पेले (यांना सगळे नेट पॉटच म्हणतात), पेल्यांत मातीच्या भाजलेल्या गोळ्या आणि मधोमध कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) वडीत रुजवलेले रोप. सात लेट्यूसची, तीन बेसिलची आणि दोन पुदिन्याची. पंप नाही, वीज नाही. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांनी प्रचारात आणलेली ही पद्धत आहे. तिच्यात सुरुवातीला खोका पोषक द्रावणाने भरायचा आणि नंतर पाणी जसे खाली जाईल तसे ते जाऊ द्यायचे, एवढेच अपेक्षित असते.

एप्रिलमध्ये नात्यातल्या एका लग्नासाठी चार दिवस गावी जायचे होते. आदल्या संध्याकाळी झाकण उचलून पाहिले, तर पाणी पेल्यांच्या तळापासून चांगले सहा-सात सेंटिमीटर खाली गेलेले होते. उन्हाचे दिवस, घरात कोणी नाही, रोपे तहानतील, या काळजीने मी जवळपास १४ लिटर द्रावण ओतले आणि पाणी पेल्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंत आणून ठेवले. कुंड्यांनाही अशाच भरपूर पाण्याचा निरोप देऊन निघाले. कुंड्या जगल्या.

परत आले तेव्हा सातही लेट्यूस झाकणावर लोळत होती. पाण्याअभावी मान टाकली असावी असे वाटून मी झाकण उचलले, तर खाली पाणी मुबलक. आणि तरीही, हे आज लिहितानाही संकोच वाटतो, मी आणखी दोन तांबे पाणी ओतलेच. सुकलेले रोप दिसले की हात आपोआप पाण्याकडे जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक रोप पेल्यातून बाहेर काढले. पाने सगळी वर आली, मुळे खाली राहिली. खोडाचा जो भाग कोकोपीटच्या वडीत होता तो चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, बोटांना बुळबुळीत लागणारा झाला होता, आणि शेवंतीची फुले आठवडाभर ठेवलेल्या फुलदाणीतले पाणी ओतताना जो वास येतो तोच वास त्याला येत होता. मुळाचे एक टोक धरून हलकेच ओढले, तर वरचे साल मोज्यासारखे निघून आले आणि हातात आतला पांढरा दोरा तेवढा राहिला.

आमचे मामा साताऱ्याकडचे, आल्याचे पीक घेणारे. लग्नाच्या गडबडीत त्यांच्याशी या खोक्याबद्दल बोलणे झालेच होते, म्हणून त्याच दिवशी त्यांना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “अगं, रोप पाण्यावर जगत नाही, वाफशावर जगतं. तुझ्या डब्यात वाफसा कुठाय?”

हायड्रोपोनिक्सवरच्या कितीतरी चित्रफिती पाहून जे मला कळले नव्हते, ते या एका शब्दाने कळले. जमिनीत ओल आहे पण मातीच्या कणांमधल्या फटींत हवाही खेळते आहे, अशा स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. पेरणी, कोळपणी, पाण्याची पाळी सगळे त्याच्याकडे पाहून ठरते. ज्या जमिनीत पाणी साचून राहते आणि वाफसा लवकर येत नाही ती चिबड. आल्याच्या शेतकऱ्याला चिबड जमिनीची धास्ती असते ती कंदकुजीमुळे, आणि त्या कंदकुजीमागे पुष्कळदा पिथियम हाच सूक्ष्मजीव असतो. हायड्रोपोनिक्समधल्या मूळकुजीत आणि खोडकुजीत सर्वांत जास्त वेळा सापडणारा सूक्ष्मजीवही तोच. म्हणजे मामांच्या रानातला आणि माझ्या गॅलरीतला शत्रू एकच होता. फरक इतकाच की जमिनीला वाफसा आपोआप येतो, खोक्यातला वाफसा मात्र आपल्याला स्वतः राखावा लागतो.

तो राखायचा कसा, हे समजण्यासाठी मुळांचे काय चालते हे पाहावे लागते. मुळे श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू जवळपास १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे स्थिर पाण्यात मुळांच्या लगतचा साठा संपला की नवा साठा तिथपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. क्रॅट्की पद्धतीची सगळी मेख इथेच आहे. पाणी खाली जाते तेव्हा उघडी पडलेली वरची मुळे केसाळ, फांदीदार होतात आणि खोक्यातल्या दमट हवेतून थेट प्राणवायू घेऊ लागतात. खालची मुळे पाणी आणि पोषणद्रव्ये ओढतात. पाण्यावरची ती सहा-सात सेंटिमीटरची मोकळी जागा म्हणजे मला रिकामा वाटलेला, पण रोपाने मेहनतीने कमावलेला वाफसा होता. मी १४ लिटर द्रावण ओतून तो एका संध्याकाळी बुडवला. हवेची सवय झालेल्या मुळांना पाण्यातली मुळे होणे इतक्या झटपट जमत नाही, ती गुदमरतात.

त्यात एप्रिल. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. आणि नेमक्या याच काळात मुळांची भूक वाढलेली असते, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मिळकत घटली आणि खर्च दुप्पट झाला, असा हा संसार. शिवाय पिथियमच्या ज्या जाती उष्ण हवामानात जोर धरतात, त्यांना कोमट पाणी मानवतेच. हा सूक्ष्मजीव दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. तो शैवालांच्या जवळचा आहे आणि त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यात पोहतात. मातीत त्याला ओलीची वाट पाहावी लागते, माझ्या खोक्यात तर त्याच्यासाठी तरणतलावच तयार होता. बारा रोपे एकाच पाण्यात असल्यामुळे एकाचे दुखणे सर्वांचे व्हायला फारसा वेळ लागत नाही.

आता खोडाचे. मूळ आणि खोड जिथे भेटतात ती रोपाची मान. निसर्गात ती जमिनीच्या पातळीवर, वाऱ्यावर सुकणारी असते. सतत भिजत राहण्यासाठी तिची घडण झालेली नाही. पेल्यातली कोकोपीटची वडी स्पंजासारखी पाणी वर ओढते, त्यामुळे पाण्याची पातळी पेल्याच्या तळाला नुसती टेकलेली असली तरी वडी ओली राहते, आणि पातळी पेल्याच्या मध्यावर असेल तर मान अक्षरशः पाण्यात उभी असते. तिथली साल मऊ पडते, बारीक चिरा पडतात आणि पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजारियम या रोगजंतूंपैकी जो कोणी दाराशी असेल तो आत शिरतो. रोपवाटिकेत कोवळी रोपे जमिनीलगत मऊ होऊन कोलमडतात ती याच कारणाने.

रंग पाहून घाबरण्यापूर्वी एक गोष्ट नक्की करून घ्यावी. निरोगी मुळे पांढरी असतात असे सगळे सांगतात, पण पोषक द्रावणातल्या लोहामुळे किंवा समुद्री शेवाळाच्या अर्कामुळे चांगली मुळेही चहासारखी रंगतात. माझ्या बेसिलची मुळे तपकिरी होती आणि मी ती जवळजवळ फेकून देणार होते. ओढून पाहिली तेव्हा ती टणक होती, साल सुटत नव्हते, वासही ओल्या मातीचा होता. म्हणून रंगापेक्षा बोट आणि नाक यांच्यावर अधिक भरवसा ठेवावा. तिसरी खूण म्हणजे वेळ. दुपारी मान टाकून संध्याकाळी उठणारे रोप उन्हाने दमलेले असू शकते. मुबलक पाण्यात उभे राहून सकाळीही न उठणारे रोप आजारी असते, कारण कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही.

उपचारांबाबत माझे मत जरा कठोर आहे. लेट्यूसची मान कुजली असेल तर ते रोप वाचत नाही, आणि ते वाचवण्याच्या खटपटीत बाकीची रोपे जातात. त्याला एकच आखूड खोड असते आणि सगळी पाने त्यातूनच निघतात, त्यामुळे वरचा निरोगी भाग छाटून पुन्हा रुजवण्याची सोय नाही. सातही रोपे मी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. गॅलरीतल्या कंपोस्टच्या बादलीत मुद्दाम टाकली नाहीत, कारण घरच्या बादलीत रोगाचे बीजाणू मरण्याइतकी उष्णता तयार होईलच याची खात्री नसते.

बेसिल आणि पुदिना यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खोडाला पेरांपाशी नवी मुळे फुटतात. पुदिन्याला काही झालेलेच नव्हते, मात्र तीनपैकी एका बेसिलच्या खोडावर वडीच्या वर दोन सेंटिमीटरपर्यंत काळपट पट्टा चढला होता. कात्री स्पिरिटने पुसून त्या पट्ट्याच्या बरेच वर छेद घेतला आणि कापलेले तोंड उजेडात धरून पाहिले. मधोमध तपकिरी ठिपका दिसला. पुन्हा कात्री पुसली आणि पुढच्या पेराखाली कापले, तेव्हा कुठे आत स्वच्छ हिरवट पांढरा रंग दिसला. हा दुसरा छेद घेण्याचा अनेकांना कंटाळा येतो आणि आठवड्याने कूज पुन्हा वर चढते. खालची पाने काढली, शेंड्याकडची चार-सहा तेवढी ठेवली, आणि ती फांदी साध्या पाण्याच्या पेल्यात, एकच पेर बुडेल इतक्या पाण्यात, उन्हापासून दूर ठेवली. पाणी रोज बदलले. नवव्या दिवशी पांढरी मुळे दिसली. घरात बाटलीत लावलेल्या मनीप्लँटचे खोड कुजले तरी हाच मार्ग आहे, आणि तिथेही चूक बहुधा हीच असते, की बाटली गळ्यापर्यंत भरलेली असते.

ज्या रोपांची मान धड आहे आणि फक्त मुळांची टोके खराब झाली आहेत, ती वाचतात. मुळे वाहत्या नळाखाली धुवावीत, बुळबुळीत भाग कात्रीने काढावा आणि त्या प्रमाणात वरची काही पानेही कमी करावीत, कारण उरलेल्या थोड्या मुळांवर पूर्ण पानांचा भार टाकणे योग्य नाही. पहिले काही दिवस द्रावण निम्म्या ताकदीचे ठेवावे.

हायड्रोजन पेरॉक्साइडविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण त्याची शिफारस फार सढळ हाताने केली जाते. ते पाण्यात विघटित होऊन पाणी आणि प्राणवायू उरतात आणि त्या दरम्यान ते समोर येईल तो सूक्ष्मजीव मारते, हे खरे. मीही ३ टक्क्यांचे द्रावण लिटरमागे ३ मिलिलिटर या प्रमाणात एकदा वापरले. पण आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली पुष्कळदा ६ टक्क्यांची असते, हे लेबल न वाचता परदेशी चित्रफितीतले प्रमाण घेतले तर मात्रा दुप्पट होते आणि कोवळी मूळकेसरे भाजतात. शिवाय परिणाम तात्पुरता असतो. खोक्यात हवेची जागा नसेल आणि पाणी कोमट असेल, तर पेरॉक्साइड संपल्यावर दोन दिवसांत सगळे पूर्ववत होते. कृषी सेवा केंद्रात मिळणारे ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस सबटिलिस ही मित्रजीवांची उत्पादने वापरायची असतील तर ती पेरॉक्साइडबरोबर मुळीच वापरू नयेत. तो आपल्याच माणसांवर केलेला गोळीबार ठरतो. हे मित्रजीव आजार बळावल्यावर फार उपयोगी पडत नाहीत, नवीन रोप लावतानाच द्यावेत असा माझा अनुभव आहे.

रासायनिक बुरशीनाशकांचा नाद मी घरी केला नाही. पिथियम खरी बुरशी नसल्यामुळे कार्बेन्डाझिमसारखी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. मेटालॅक्झिलसारखी चालतात आणि मामा ती आल्याला आळवणीतून, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतून, देतातही, पण ज्या पानांची परवा कोशिंबीर करायची आहे त्यांच्या मुळाशी, त्याच पाण्यात, असे औषध सोडण्याचे धाडस मला होत नाही. ताम्रयुक्त औषधेही द्रावणात घालू नयेत. मातीत तांबे बांधले जाते, पाण्यात ते थेट मुळांना बाधते.

खोका, झाकण आणि पेले घासून काढले, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात अर्धा तास बुडवून ठेवले, भरपूर धुतले आणि दोन दिवस उन्हात वाळवले. मातीच्या गोळ्याही तशाच धुतल्या. कोकोपीटच्या वड्या टाकून दिल्या. इथे एक इशारा: ब्लीचमध्ये पेरॉक्साइड, आम्ल किंवा फिनेलसारखे दुसरे काहीही मिसळू नये, काही मिश्रणांतून विषारी वायू निघतो.

नव्या मांडणीत मी जे बदल केले त्यांतला सर्वांत उपयोगी बदल फुकटचा होता. खोक्याच्या आतल्या बाजूला परमनंट मार्करने दोन रेघा ओढल्या. वरची रेघ पेल्यांच्या तळाशी, फक्त पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी, जेव्हा मुळे अजून पेल्याबाहेर आलेली नसतात. खालची रेघ तिच्याखाली सहा सेंटिमीटरवर, आणि मुळे लांब झाल्यावर भर घालायची ती याच रेघेपर्यंत. रोज अर्धा-एक लिटर घालणे आणि आठवड्याने एकदम १४ लिटर ओतणे यांतला फरक मुळांना फार जाणवतो. दुसरा बदल म्हणजे कोकोपीटची वडी पेल्यात एक सेंटिमीटर वर उचलून बसवली आणि मानेभोवती गोळ्या न दाबता जागा मोकळी ठेवली, त्यामुळे वडीचा वरचा थर कोरडा राहतो. तो ओला असला की त्यावर हिरवे शेवाळ धरते आणि कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या बारीक काळ्या माश्या येतात. या माश्या रोगाची ने-आणही करतात.

उष्णतेसाठी खोक्याला बाहेरून थर्माकोल लावला आणि त्यावर पांढरा रंग दिला. मे महिन्यात दुपारी एकदा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या आत सोडून पाहिल्या; ४० लिटरमध्ये एक लिटरची बाटली दोन-तीन अंशांपलीकडे काही करू शकत नाही आणि फ्रीजर मात्र अडून राहतो. त्यापेक्षा उन्हाळ्यात लेट्यूस लावूच नये, बेसिल आणि पुदिना लावावा, हा निर्णय मला अधिक शहाणपणाचा वाटला. ज्यांना बारमाही लेट्यूस हवेच असेल त्यांनी मत्स्यालयाच्या दुकानातला एअर पंप आणि पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड घ्यावा. तिथल्या दुकानदाराला माझी अडचण साहित्य विकणाऱ्या गृहस्थांपेक्षा लवकर समजली, कारण बंद पडलेल्या पंपामुळे मासे कसे मरतात हे त्याने पाहिलेले होते.

पावसाळ्यात मी टोमॅटोसाठी कोकोपीट भरलेल्या दोन बादल्या आणि टायमरवर चालणारे ठिबक घेतले, आणि तिथे हीच चूक दुसऱ्या वेषात पुन्हा केली. टायमर जूनच्या सुरुवातीच्या कोरड्या हवेत लावला होता, दिवसातून सहा वेळा. जुलैत आठ-आठ दिवस ऊन पडेना, हवा दमट झाली, पानांतून बाष्प जाईना. झाडाची तहान निम्म्याहून कमी झाली तरी टायमर आपला सहा वेळा पाणी देत राहिला. बुंध्याशी तपकिरी चट्टा दिसला तो ठिबकची नळी खोडाला टेकली होती नेमक्या त्या जागी. नळी खोडापासून चार बोटे दूर नेली, चट्ट्याभोवतीचे कोकोपीट बाजूला करून बुंधा उघडा केला, पाण्याच्या पाळ्या दोनवर आणल्या आणि संध्याकाळची पाळी बंदच केली, कारण रात्री झाड फारसे पाणी पीत नाही. चट्टा खोडाच्या अर्ध्या घेरापर्यंत होता म्हणून झाड वाचले. पूर्ण वेढा पडला असता तर वाचले नसते. आता मी बादली एका बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेते. दिलेल्या पाण्यापैकी दहा-वीस टक्के तळाच्या भोकातून बाहेर आले की पुरे. सतत ठिबकत असेल तर पाणी जास्त होते आहे, काहीच येत नसेल तर क्षार साचत आहेत.

पीएच (द्रावणाची आम्लता) साडेपाच ते साडेसहा आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवरचे आकडे मीही वहीत लिहिते, पण माझी सातही रोपे मेली त्या आठवड्यात हे दोन्ही आकडे अगदी निर्दोष होते.

या एप्रिलमध्ये पुन्हा पाच दिवस बाहेर जायचे होते. शेजारच्या काकूंना किल्ली दिली, खालची रेघ दाखवली आणि तिच्या वर पाणी जाऊ देऊ नका असे दोनदा सांगितले. परत आले तर पाणी रेघेच्याही दोन बोटे खाली होते. “झाडं टवटवीत होती गं,” काकू म्हणाल्या, “म्हणून मी काही घातलंच नाही.” वरची मुळे कापसासारखी पांढरी आणि दाट झाली होती.